मायला ज्वारीनं तोललं तेव्हा

ये, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभं राहून निघायच्या घाईत बोलावं तसं फोनवर काय बोलतेस? दोन वर्षं झाली तुला इकडं येऊन. संक्रांतीला येते म्हणालीस, तिळाचे लाडू डब्यातच बसले, शेवटी मुंग्यांनी सण केला. पोळ्याला येते म्हणालीस, मी पुरण वाटून बसले आणि तुझा फोन आला की सुट्टी मिळाली नाही. आणि परवा एकदम म्हणतेस काय, तर आत्या, बाबांची पंच्याहत्तरी करायची आहे, आजीची केली होती तशी ज्वारीतुला करायची, आजीला किती ज्वारी लागली होती ते सांग, म्हणजे तेवढी मागवून ठेवते.

मी गप्प झाले तर तुला वाटलं रेंज गेली. रेंज काही गेली नव्हती बाई. त्या प्रश्नाचं उत्तर मला एका आकड्यात देता येईना, म्हणून वही काढून बसले. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. मी शाळेत गेले नाही, तुझ्या बापाच्या मागं बसून त्याच्याच पाटीवर शिकले, त्यामुळं ओळी अजून उताराला लागतात. तेवढं सांभाळून घे.

आणि तुझ्या घरी त्या दिवसाचा फोटो आहे ना, आजीच्या मांडीवर तू बसलेली आणि आजीचं तोंड भलतीकडंच? लहानपणी तू मला विचारलं होतंस, आजी माझ्याकडं बघत काऊन नाही. मी म्हणाले होते, फोटोवाल्यानं घाई केली. ते खोटं होतं. तेही आज लिहिते.

नव्वद साल उलटून गेलं होतं. तू दीड वर्षाची असशील. तुझा बाप निर्मल गावी कुणाच्या तरी घरच्या पंच्याहत्तरीला जाऊन आला. तिथं त्या म्हाताऱ्याला गुळानं तोललं होतं. तराजूच्या एका पारड्यात माणूस बसवायचा, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ नाहीतर धान्य घालायचं आणि मग ते वाटून टाकायचं. हा ते बघून आला आणि त्याच्या डोक्यात काटा टांगला गेला तो टांगलाच. आपल्या मायला ज्वारीनं तोलायचं, तीही आपल्याच वावरातल्या, आणि ती ज्वारी वाटायची आपल्या शेतात राबलेल्या बायांना. गोष्ट चांगलीच होती. माय आयुष्यभर मजुरीची पायली मापून देत आली आणि शीग लावल्याशिवाय तिनं कधी पायली दिली नाही. मापाच्या वर ज्वारीचा ढीग करायची, सांडेस्तोवर.

मायचं वय कुठं लिहिलेलं नव्हतं. संक्रांतीच्या करीला जन्मली, एवढंच ठाऊक. साल काढायला तुझ्या बापानं गावातले तीन म्हातारे ओट्यावर आणून बसवले. नदीचा मोठा पूर कधीचा, निजामाच्या वेळचा अमुक तहसीलदार कधी बदलून गेला, अशी बोटं मोजत त्यांनी चहाचे दोन-दोन कप संपवले आणि मायला पंच्याहत्तरावर आणून ठेवलं. माय म्हणाली, तुमी म्हनता त पंच्याहत्तर.

मला चिठ्ठी आली बसच्या कंडक्टरजवळ. आम्ही तेव्हा गुडीहत्नूरच्या बाजूला राहत होतो आणि मायचं गाव तामसीकडं, आदिलाबादला बस बदलावी लागायची. फार लांब नाही. तरी मी अकरा महिने गेले नव्हते. माझ्या लेकीचं लग्न, मग कापसाची वेचणी, मग आमच्या ह्यांचा पाय मुरगळला. कारणं खरी होती. खरी कारणं असली की माणूस निवांत बसून राहतो.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पोचले. माय ओट्यावर बसली होती. एरवी मी दिसले की उठून अर्ध्या वाटेवर पिशवी घ्यायला यायची. त्या दिवशी बसूनच म्हणाली, आलीस का बाई. मी पाया पडले तेव्हा तिच्या हातातल्या चांदीच्या कड्याकडं लक्ष गेलं. कड्याला आतून लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चांगले पाच-सहा वेढे. विचारलं तर म्हणाली, थंडीची चांदी टोचते.

तेवढ्यात तू आलीस, दुडूदुडू, दोन्ही हात वर करून. मायनं तुला हातभर अंतरावर धरून ठेवलं आणि तुझ्या आईला हाक मारली, गुडघे दुखतेत, घे इले. मला ते लागलं. माझ्या पोरांना हिनं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं आणि तुझ्या बापाच्या एवढ्या नवसाच्या पोरीला गुडघ्याचं कारण?

पण घरात इतकी धांदल होती की त्या एका गोष्टीवर थांबायला फुरसत नव्हती. अंगणात ज्वारी पसरलेली, सात-आठ बाया सुपं घेऊन पाखडायला बसलेल्या. तुझा बाप दिवसातून दहा वेळा येऊन सांगायचा की माय हाडापेरानं मोठी, साठ किलोला काही कमी भरत नाही. त्यानं अख्खं ऐंशी किलोचं पोतं वेगळं काढून त्याला हळदीकुंकू लावून ठेवलं होतं. शिवाय त्याचं ठरलेलं होतं की सुरुवातीलाच अर्धं पोतं एकदम पारड्यात ओतायचं, म्हणजे बघणाऱ्यांना शोभा दिसते. मी म्हटलं, अरे सुपानं थोडं थोडं ओतायची रीत आहे. आपल्याकडं तुलेच्या पारड्यात पडलेला दाणा परत पोत्यात घेत नाहीत, ते त्या माणसाचं आयुष्य मागं घेतल्यासारखं धरतात. तो हसला. अक्का, मायचं वजन काय अर्ध्या पोत्याहून कमी आहे का?

मी पण हसले.

माय मात्र रोज एक नवीन अडचण काढायची. आधी म्हणाली, मी करीच्या दिवसाची, अशुभ दिवसाचं माणूस कायले मिरवता? तर तुझ्या बापानं कार्यक्रम रथसप्तमीवर आधीच टाकला होता. मग म्हणाली, मी बिनकुंकवाची बाई. तोलायच्या आधी ओवाळावं लागते, मले कोन ओवाळीन? आनं ओवाळलं त गाव काय म्हनीन?

मला वाटलं, हे खरं दुखणं. आमचा बाप जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हापासून माय हळदीकुंकवाच्या घराच्या दारातसुद्धा उभी राहत नव्हती. मी पदर खोचला आणि पाच घरं फिरले. चार ठिकाणी समजूत घालावी लागली, कुणाला सासूची भीती, कुणाला नवऱ्याची. पाचवी आमची शेजारची काकू. ती भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तुया मायनं माही तीन बाळंतपनं काढली. तवा तिनं कोनाले इचारलं होतं? मी येतो. ताट बी माहंच आनतो."

मी उड्या मारत घरी आले म्हणायला हरकत नाही. मायला सांगितलं, पाच जणी ठरल्या. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. ती म्हणाली, असं का, आणि तोंड आणखीच उतरलं. खरं कारण दुसरं आहे, हे मला तिथंच कळायला हवं होतं. माणूस एकामागून एक कारणं देतो तेव्हा खरं कारण त्यात नसतं.

मग चोळीचं झालं. मी तिच्या जुन्या चोळीचं माप देऊन आदिलाबादच्या शिंप्याकडून नवी शिवून आणली होती, जांभळ्या खणाची. मायनं घालून बघायला नाही नाही म्हटलं, शेवटी दार लावून घातली. मी फटीतून डोकावले. ती चोळी तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखी होती. दंडात दोन हात मावले असते. शिंप्याले डोळे नाईत, असं म्हणत तिनं ती घाईघाईनं काढली. माप तर तिच्याच चोळीचं होतं.

त्या दिवसापासून मी तिच्या मागं मागं राहायला लागले. जेवायचं ताट घेऊन ती मागच्या दारी जायची आणि ताट लवकर रिकामं व्हायचं, गोठ्यातली गाय मात्र दाराकडं मान करून उभीच. अंघोळीला पाठ चोळायला येऊ दिलं नाही. पदरात तोंड घालून खोकायची, आणि विचारलं की म्हणायची, ज्वारीची धूळ. आता ज्वारीच्या धुळीनं आम्ही सगळ्याच खोकत होतो.

तुझ्या बापाला मी बाजूला घेऊन म्हटलं, माय वाळली आहे रे. तो म्हणाला, तुला अकरा महिन्यांनी दिसली म्हणून वाटते. त्याचंही खोटं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस तीळ तीळ कमी झालं तर कळत नाही. आणि मी तर येतच नव्हते. म्हणजे बघ, एक होता तो पाहत नव्हता आणि एक पाहणारी होती ती नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी कापसाच्या व्यापाऱ्याकडून मोठा काटा आला. तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांना टांगायचा, साखळ्यांना दोन रुंद फळ्या. रोज त्यावर कापसाची बोचकी मोजली जायची, तंतू अजून साखळीत अडकलेले. तुझा बाप स्वतः बसून झुलून बघत होता, आणि मग म्हणाला, मायला बोलवा, एकदा बसवून पाहू.

माय कुठंच नव्हती. मी ओट्यावर पाहिलं, गोठ्यात पाहिलं. शेवटी धान्याच्या खोलीचं दार लोटलं. ती कणगीला टेकून खाली बसली होती, सुई-दोरा हातात, मांडीवर जाड मांजरपाटाची एक पिशवी. लांबट, दोन्ही टोकांना नाड्या. आणि बाजूला घरच्या काट्याची दोन लोखंडी वजनं, एक पाच किलोचं, एक दोन किलोचं.

मला आधी काही समजलं नाही. मग सगळं एकदम समजलं आणि मी दार लावून घेतलं.

"उभी नोको राहू, बस," ती म्हणाली. "पाचाचं कमरेले बांधून चालून पाह्यलं. जमते. दोनाचं टाकलं का खाली बसताना तोल जाते. पन अंगन त असं किती लांब हाय."

मी विचारलं, माय, तुझं वजन किती आहे?

"दिवाळीनंतर कापूस मोजाले काटा लागला होता, तवा सगळे जेवाले गेल्यावर बसून पाह्यलं. चाळीस बी नाई भरलं." सुई थांबली नव्हती. "तवाची गोष्ट हाय थे."

मी तिचा हात धरला. हात तापलेला होता, दुपारच्या पत्र्यासारखा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हे सगळं बंद करते, उद्या पहिल्या बसनं तुला आदिलाबादला डॉक्टरकडं नेते, गाव गेलं खड्ड्यात.

तेव्हा तिनं सुई खाली ठेवली. "बंद केलं त कारन सांगा लागन. आनं न करता मले तशीच बसवलं, अन् अर्धं पोतं पडल्यावर मी वरच्या वर टांगली राह्यली, त लोक मले नाई हसनार. लोक सुनेकडं पाहतीन. म्हनतीन, म्हातारीले उपाशी ठेवलं, आनं आता ज्वारी वाटून राह्यले. थे पोट्टी मले दोन टाइम पेज करून हातात देते, मीच गाईले घालतो. तिच्या नावाले हे लागू देऊ का मी?"

तर हे होतं. ती स्वतःसाठी लपवत नव्हती, तुझ्या आईच्या नावासाठी कमरेला लोखंड बांधायला निघाली होती. तुझी आई तेव्हा या घरात तीन वर्षांची सून, तिला माहेर असं उरलेलं नव्हतं. एकदा गावाच्या तोंडी चढलं की ते नाव तिच्या मरणापर्यंत पुसलं गेलं नसतं. मला आपलं गाव माहीत आहे.

आमचा सौदा झाला. उद्याचं उद्या पार पडू दे, मग मी म्हणेन तिथं ती येईल. मी तिला माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. बाहेर तुझ्या बापाला ओरडून सांगितलं, माय निजली आहे, आज बसवून बघायचं नाही. आणि मग, पोरी, ती पिशवी मी पुरी शिवून दिली, कारण तापात तिचे टाके वाकडे पडत होते. मी स्वतःच्या आईचं आजारपण लपवायला टाके घालत होते. चुकले की बरोबर केलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या लुगड्याच्या आत ती पिशवी बांधली. वजनं एकमेकांवर वाजू नयेत म्हणून मध्ये चिंध्या कोंबल्या. दोन गाठी मारल्या, मग तिसरी मारली. बाहेर मांडवात गाव जमलेलं. फोटोवाला आदिलाबादहून आलेला, कापडाच्या पिशवीतून पुन्हा पुन्हा फ्लॅश काढून पुसत होता. बुंदीचा वास येत होता.

माय दारातून बाहेर आली ती एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. लोकांना वाटलं, लेकीच्या आधारानं आली, किती छान. तिच्या सगळ्या भारानं माझा खांदा खाली जात होता. अंगण मोजून अठरा पावलं, मी आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. अकराव्या पावलाला ती थांबली. मी पुटपुटले, राहू दे का माय? ती म्हणाली, चाल.

पाच जणींनी ओवाळलं. काकूनं ताट फिरवताना मायच्या कपाळाला थोडी हळद लावली आणि तिच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग माय फळीवर बसली. बसताना पिशवी मागं सरकली. मला ते कळलं, कारण ती एकदम मागं कलली आणि साखळी घट्ट धरली. तिची बोटं पांढरी पडली. लुगड्याखाली पाठीशी एक चौकोनी कोपरा दिसायला लागला. तो लोकांना दिसू नये म्हणून मी पाठीमागं जाऊन उभी राहिले. समोर तुझा बाप अर्धं पोतं खांद्यावर घेऊन पारड्याकडं निघालेला, सगळ्यांकडं बघून हसत. मला ओरडायचं होतं, थांब.

आणि तेवढ्यात तुझी आई गर्दीतून पुढं आली, तुला कडेवर घेऊन.

तिला काय कळलं होतं आणि कधी, हे मी नंतर विचारलं. ती म्हणाली, सकाळी बुंदीची साखर मोजायला पाचाचं वजन शोधलं, सापडलं नाही, दोनाचंही नाही, आणि मग मायला चालताना पाहिलं. एवढंच. तिनं कुणाला एक शब्द विचारला नाही.

तिनं येऊन तुला सरळ मायच्या मांडीवर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "दुधावरची साय हाय थे. आजीले तोलता त नातीसगट तोला."

तुझा बाप पोतं घेऊन तसाच उभा. "असं कुठं असते का? तुलेत एकच मानूस बसते."

मला वाटलं, गेलं. पण ओट्यावर म्हातारे पटेल बसले होते, मायचं वय मोजणाऱ्या तिघांतले. ते काठी आपटून म्हणाले, "कडेवरच्या लेकराचं बसमधे बी तिकीट नाई घेत. बसू दे तिले."

अंगण हसलं. त्या हसण्यात तुझी आई वाकली, मायच्या निऱ्या नीट करते आहे असं दाखवत. माझ्या तीन गाठी तिनं एका हातानं सोडल्या. पिशवी पदराखाली घेतली आणि घरात निघून गेली, पाण्याची घागर घेऊन जावं तशी सरळ. सात किलो लोखंड होतं. तिचं एक पाऊल डळमळलं नाही.

मग मी तुझ्या बापाला म्हटलं, पोतं खाली ठेव, बाया सुपानं ओततील, रीत रीत आहे. तो मला भ्याला की सगळ्यांना, ठाऊक नाही, पण ठेवलं. बाया एकेक सूप ओतायला लागल्या. प्रत्येक सूप भरून, वर ढीग. तू मांडीवर बसून ज्वारी पडताना बघत टाळ्या वाजवत होतीस. केवढी गुबगुबीत होतीस तू, आता कुणी म्हणणार नाही. फळ्या हळूहळू एका रेषेत आल्या. सगळे म्हणाले, झालं, पुरे. तर काकू म्हणाली, तिनं आमाले शिगेशिवाय दिलं का कवा? आणि शेवटचं एक सूप तिनं वरून ओतलं. ज्वारीचं पारडं खाली गेलं.

मायनं तुला दोन्ही हातांनी धरलं होतं, पण तोंड पार खांद्याकडं फिरवलेलं, पदर नाकातोंडावर. फोटोवाला म्हणत राहिला, अम्मा, इधर देखो, पोरीकडं बघा. ती बघेना. लोक म्हणाले, म्हातारी लाजली. मला पुन्हा तेच लागलं, आजच्या दिवशीसुद्धा नातीकडं बघवत नाही का हिला?

तिसऱ्या दिवशी, शपथेप्रमाणं, आम्ही तिघी बसनं आदिलाबादला गेलो, माय, मी आणि तुझी आई. तुला काकूकडं ठेवलं होतं. डॉक्टर अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत बोलायचे. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, उजेडावर धरला आणि टीबी म्हणाले. औषध आहे, म्हणाले, पण महिनोन्‌महिने, एक दिवस चुकवायचा नाही. मग सहज विचारावं तसं विचारलं, घर में छोटे बच्चे हैं क्या?

तुझी आई बसली होती त्या बाकावरच वाकली. परवा तिनंच तर तुला उचलून त्या मांडीवर ठेवलं होतं. तेव्हा माय बोलली, डॉक्टरांशी नाही, तिच्याशी.

"मी तिच्याकडं तोंड नाई केलं, बाई. पावसाळ्यापासून एकडाव बी नाई केलं. परवा बी नाई. इचार हिले."

तुला दुसऱ्या दिवशी आणलं, तपासलं. पुढं नीट कळेपर्यंतचे दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते लिहीत नाही. तू शिंकलीस तरी तुझी आई माझ्याकडं बघायची आणि मी तिच्याकडं. तुला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुझा बाप दवाखान्याच्या बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तोपर्यंत त्याला सगळं सांगितलं होतं, पिशवीसकट.

माय बरी झाली. गोळ्या तुझ्या आईनं हातावर ठेवून तोंडात जाईपर्यंत उभं राहून दिल्या. मी मग दर पंधरा दिवसांनी जायला लागले, कापूस असो की लग्न. गेले की आधी तिचं कडं बघायची. पोळ्याला चिंधीचा एक वेढा कमी झाला, दसऱ्याला आणखी एक. पुढच्या संक्रांतीला चिंधी नव्हती. त्या दिवशी तिनं तुला मांडीवर घेतलं आणि तुझ्या तोंडाकडं इतका वेळ बघत बसली की तू कंटाळून रडायला लागलीस. तेव्हा फोटोवाला नव्हता.

तर तुझा प्रश्न, आजीला किती ज्वारी लागली. कुणालाच ठाऊक नाही. ती आम्ही मोजूच दिली नाही, तशीच सुपासुपानं वाटली. त्यात तू होतीस, काकूची शीग होती. त्यातून मायची किती, ते कसं काढायचं?

आता तुझ्या बापाचं. तू पोती मागवायला निघालीस. तो फोनवर बरा आहे म्हणतो, आणि फोनवर तो बराच असतो. मागच्या आठवड्यात माझ्याकडं आला होता. चहा घेताना मनगटावर लक्ष गेलं. घड्याळाच्या पट्ट्याला त्यानं एक नवीन भोक पाडून घेतलं आहे, आतल्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाला, पट्टा सैल झाला होता. असेलही. चामडं सैल होतं. पण मी त्याच आईची लेक आहे, मला रात्रंदिवस ते भोकच दिसतं. तुझ्या आईला तो रोज दिसतो, म्हणून तिच्याही नजरेला येत नसेल.

म्हणून म्हणते, ज्वारीचं राहू दे. मांडव, फोटो, बुंदी सगळं मागाहून. आधी तू ये. त्याच्या शेजारी बस, त्याच्या ताटात बघ, त्याचा हात हातात धरून बघ. मी सांगितलं तर माझं हसून सोडून देतो, तुझं ऐकेल. या रविवारी जमलं तर रविवारीच ये. आदिलाबादहून सकाळची बस आहे, मी थांब्यावर येऊन उभी राहते. यावेळी सुट्टी मिळाली नाही म्हणून फोन करू नको, लवकर ये.